हिंगाष्टक चूर्ण: कधी पुरतं आणि कधी पुरत नाही



मागच्या दिवाळीत कॅम्प ५ मधल्या आपल्या एका गटाने हिंगाष्टक चूर्ण केलं होतं. बाटल्या धुऊन वाळवल्या, चूर्ण भरलं आणि लेबलवर काय लिहायचं यावर चर्चा झाली. शेवटी ठरलं, "भूक वाढवते, गॅस घालवते, अशक्तपणा दूर करते." मीही मान डोलावली.

त्याच गटातली एक ताई घरी जीन्सचे धागे कापायचं काम करते. नगावर पैसे, त्यामुळे सकाळचा चहा घेऊन बसली की दुपारचे तीन कधी वाजले ते कळत नाही. तिला भूक लागत नव्हती, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. तिने मला विचारलं, "मॅडम, आपलंच चूर्ण घेऊ का?" मी म्हटलं, "घ्या ना, घरचंच आहे." तिने चार महिने चूर्ण घेतलं. नंतर जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा आशाताईंनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ६.८ निघालं.

चूर्णात काही वाईट नव्हतं. चूक माझी होती. भूक का गेली, हे मी तिला विचारलंच नाही. म्हणून आजचा पाठ या चूर्णावर.

चूर्णात काय असतं?

हे चूर्ण फार जुनं आहे. सातव्या शतकाच्या सुमारास वाग्भटांनी लिहिलेल्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात ते दिलेलं आहे. आठ वस्तू म्हणून 'अष्टक':

१. सुंठ
२. काळी मिरी
३. पिंपळी
४. अजमोदा (बऱ्याच घरी याच्या जागी ओवा घेतात)
५. सैंधव
६. जिरं
७. शहाजिरं
८. तुपात परतलेला हिंग

हिंग सोडून बाकीच्या सात वस्तू सारख्या वजनाच्या घेतात. हिंगाबाबत दोन पद्धती आहेत. काही वैद्य तोही तेवढाच घेतात, तर काही एका भागाच्या आठवा हिस्सा घेतात. घरी करताना कमीच बरा. बाजारातला बांधणी हिंग शुद्ध नसतो, त्यात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, हेही लक्षात ठेवा. प्रत्येक वस्तू निवडून, कडकडीत वाळवून वेगवेगळी दळायची, चाळायची आणि मग एकत्र करायची. ओलसर राहिलं तर चूर्णाचे गोळे होतात आणि बुरशी धरते.

घ्यायची पद्धतही ग्रंथातच आहे: जेवणाच्या पहिल्या घासाला, तुपाबरोबर. आपल्याकडे गरम भात, त्यावर तूप आणि पाव ते अर्धा चमचा चूर्ण. म्हणजे हे चूर्ण जेवणाच्या जागी घ्यायचं नसून जेवणासोबत घ्यायचं आहे. रिकाम्या पोटी चहा आणि वर चूर्ण, असं केलं तर पोटात आगच पडणार.

आपल्या उल्हासनगरातल्या सिंधी घरांत जेवणासोबत पापड लागतोच. त्यातही मिरी, जिरं, हिंग असतं. कोकणातली आजी ताकाला हिंग-जिरं लावते. पोटासाठीची ही समज घराघरांत आहे आणि ती टिकवायलाच हवी.

चीनचा काढा आणि आपली गोष्ट

पोटाच्या अशक्तपणावर चीनमध्येही असंच एक जुनं औषध आहे. त्याचं नाव 'सी जुन झी तांग', म्हणजे 'चार सज्जनांचा काढा'. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी तिथल्या सरकारी औषधशाळेच्या पुस्तकात तो दिलेला आहे. जिनसेंगचं मूळ, बायझू नावाचं मूळ, पाइनच्या मुळांवर वाढणारी फुलिंग नावाची बुरशी आणि जेष्ठमध, अशा चार वस्तू उकळून तो करतात. आपलं चूर्ण तिखट आणि गरम, तर हा काढा सौम्य.

तो कोणाला द्यायचा, याचं वर्णन वाचून मी थबकले. चेहरा फिकट, आवाज बारीक, सतत थकवा, भूक नाही, शौचाला पातळ. तायांनो, असा चेहरा आपल्या प्रत्येक बैठकीत एक तरी दिसतो ना? त्या काळच्या वैद्यांकडे रक्त तपासायची सोय नव्हती. त्यांनी चेहरा पाहिला, नाडी पाहिली आणि पोट अशक्त आहे असं म्हटलं. आज बोटाला सुई टोचून दोन मिनिटांत हिमोग्लोबिन कळतं. सोय असून आपण ती वापरत नाही, हे मात्र आपलं चुकतं.

आणखी एक. या काढ्यात असतो तो जेष्ठमध आपल्याकडेही खोकल्याला चघळतात. तो रोज आणि बरेच दिवस घेतला तर बीपी वाढू शकतं. वनस्पती आहे म्हणून काहीच अपाय होणार नाही, असं समजू नका.

भूक नाही, म्हणजे नक्की काय?

भूक जाण्याची कारणं वेगवेगळी असतात. वेळेवर न जेवणं, दिवसाला पाच-सहा चहा, तंबाखू, मशेरी, मनावरचा ताण, पोटातले जंत, अल्सर, कावीळ, टीबी, रक्तक्षय आणि कधी कधी दिवस गेलेले असणंही. चूर्णाने गॅस कमी वाटेल, तोंडाला चव येईल. पण यातलं कारण कोणतं, हे चूर्ण सांगत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय.

आपल्या त्या ताईला पाळीत खूप रक्त जात होतं. आठ-आठ दिवस. ती कोणाला बोललीच नव्हती. "बाईच्या जातीला असतंच," असं तिला वाटत होतं. दवाखान्यात उपचार झाले, लोहाची औषधं सुरू झाली आणि भूक हळूहळू परत आली.

चूर्ण कधी थांबवायचं आणि दवाखान्यात कधी जायचं

साधा गॅस, जड जेवण झालं, पोट फुगलं, तर दोन-चार दिवस चूर्ण घ्यायला हरकत नाही. पण खालीलपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका:

• दोन आठवडे झाले तरी भूक नाही, किंवा वजन उतरतंय
• शौचाचा रंग डांबरासारखा काळा, किंवा शौचातून रक्त (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं, तरी डॉक्टरांना सांगा)
• वारंवार उलट्या, घास गिळताना अडकणं
• डोळे पिवळे, लघवी गडद पिवळी
• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला किंवा ताप
• चालताना दम, छातीत धडधड, नखं आणि पापणीच्या आतला भाग पांढरट
• छातीत दाब, घाम, जबडा किंवा हात दुखणं. याला गॅस समजून चूर्ण देत बसू नका, हृदयाचा झटकाही असाच येतो. लगेच १०८ ला फोन करा

हे चूर्ण विचारल्याशिवाय कोणी घेऊ नये? गरोदर बायका, छातीत-पोटात जळजळ किंवा अल्सर असलेल्या, आणि बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्या (चूर्णातलं सैंधव म्हणजे शेवटी मीठच). सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नाही, हिंगाचं पाणीसुद्धा नाही.

आणि ते लेबल?

काही गटांना हे चूर्ण विकायचं आहे. कल्पना चांगली आहे, पण नियम समजून घ्या. बाटलीवर 'औषध' म्हटलं किंवा आजार बरा होईल असं लिहिलं, की आयुर्वेदिक औषध बनवण्याचा परवाना लागतो. तो औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायदा, १९४० प्रमाणे असतो आणि घरच्या मिक्सरवर तो मिळत नाही. मसाला म्हणून खाद्यपदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. मग लेबलवर घटक, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं आणि नोंदणी क्रमांक एवढं लिहायचं. 'अशक्तपणा दूर करते' हे लिहायचं नाही.

मला वाटतं, हा नियम फक्त सरकारसाठी नाही. ते वाक्य वाचून एखादी बाई चार महिने दवाखान्यात जायची थांबते. आपल्याच गटात ते झालं. त्या गटाने उरलेल्या बाटल्यांवरची लेबलं स्वतःच्या हाताने काढली.

पुढच्या बैठकीत करायचं

१. प्रत्येकीने सांगायचं: शेवटचं हिमोग्लोबिन कधी तपासलं आणि किती होतं? आठवत नसेल तर यादीत नाव लिहा.
२. यादी घेऊन आशाताईंना भेटा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणीचा दिवस ठरवा. एकटीने जायला लाज वाटते, म्हणून गटाने मिळून जा.
३. जेवणानंतर लगेच चहा बंद. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजी आणि डाळीवर लिंबू पिळा.
४. धागे कापणाऱ्या, पापड लाटणाऱ्या तायांनी दुपारी एक वाजता काम बाजूला ठेवायचं. शेजारणीला हाक मारून बोलवा, दोघी मिळून जेवा.

चूर्णाची बरणी घरात असू द्या, माझ्याही घरी आहे. पण पुढच्या वेळी कोणी "भूक लागत नाही गं" म्हणाली, तर बरणी काढायच्या आधी तिला विचारा, "किती दिवस झाले?"

तुमची,
क्षेत्र समन्वयक