इकामा संपायच्या आधी

कुवेतमधल्या साल्मियातल्या आमच्या इमारतीत ‘देवाची इच्छा असेल तसं होईल’ हे वाक्य बहुतेक वेळा निर्णय पुढे ढकलायला वापरलं जातं. मीही वापरलंय. मग एक दिवस कंपनीची सरकारी कामं करणारा मंदूब पासपोर्ट मागायला येतो आणि आपण घाईघाईने क्रूसाची खूण करून पासपोर्ट त्याच्या हातात ठेवतो. त्यापेक्षा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपायच्या पाचेक महिने आधी पुढची कृती सुरू करावी.

आधी प्रश्न कागदावर लिहा. ‘माझं पुढे काय?’ हा उसासा झाला, प्रश्न नाही. ‘जूनमध्ये इकामा वाढवू की राजीनामा देऊन वसईला परतू?’ असा महिन्यासकट लिहा. दोन्ही वाटा देवासमोर ठेवण्याजोग्या हव्यात. खोटा अनुभवाचा दाखला जोडून दुसरी नोकरी धरू का, हे देवाला विचारायचं नसतं. त्याचं उत्तर सिनाय पर्वतावर मोशेला मिळून गेलंय.

मग हिशोब. प्रार्थनेआधी हिशोब कशाला, असं प्रार्थनागटातल्या एका मावशींनी मला विचारलं होतं. मावशी, अक्कलही देवानेच दिली आहे. कुवेतच्या 2010 सालच्या कामगार कायद्यानुसार, करार बेमुदत असेल तर महिन्याच्या पगारावरच्या माणसाने तीन महिन्यांची नोटीस द्यायची असते. नोकरी सोडताना मिळणारी इंडेम्निटी पहिली पाच वर्षं दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, त्यानंतर दर वर्षाला एक महिन्याचा. पण राजीनामा आपण दिला तर पाच ते दहा वर्षांच्या नोकरीला त्यातले दोन तृतीयांशच मिळतात. दहा भरली की पूर्ण. म्हणजे साडेनऊ वर्षं झालेला माणूस ‘आत्म्याने सांगितलं’ म्हणून आज उठला, तर तिसरा हिस्सा इथेच टाकून जातो. करार मुदतीचा असेल तर गणित वेगळं, तो आधी नीट वाचा. आकडे प्रश्नाच्या खाली लिहा आणि कागद बायबलमध्ये ठेवा.

आता अवघड भाग. संत इग्नाशियस लोयोला आपल्या ‘आध्यात्मिक साधने’त सांगतात की, निवड करणाऱ्याचं मन तराजूच्या काट्यासारखं मध्यावर असावं. वसईच्या बाजारात कोळीण तागडी उचलते तेव्हा आपलं लक्ष माशाकडे कमी आणि तिच्या करंगळीकडे जास्त असतं. तशी आपली करंगळी शोधायची. लोक काय म्हणतील, मेव्हण्याला दिलेला शब्द, गल्फवाला म्हणून मिळणारा मान, जे असेल ते लिहून काढा. माझी करंगळी घराच्या गच्चीवर होती. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या तिथे चार पावसाळे गंजत उभ्या होत्या, आणि मी ज्याला देवाची इच्छा म्हणत होतो ती बरीचशी त्या सळ्यांची होती. ते कळल्यावर प्रार्थना बदलली. ‘राहू दे’ किंवा ‘ने’ असं मागणं थांबवलं आणि ‘तुला हवं ते मला हवंसं वाटू दे’ एवढंच मागत राहिलो.

रोज पंधरा मिनिटं, ठरल्या वेळी, मोबाईल दुसऱ्या खोलीत. एकच शुभवर्तमान घ्या आणि क्रमाने वाचा. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ म्हणजे उत्तर, हा प्रकार मी करून पाहिलाय. पहिल्या रात्री गणना ग्रंथातली शिरगणती निघाली. दुसऱ्या रात्री मिसरातून निघालेले इस्राएली, आणि मी बॅग भरायच्या बेतात होतो. गिदोनाने लोकर पसरून खूण मागितली हे खरं, पण काय करायचं ते देवाने त्याला आधीच सांगितलं होतं. मिस्साही चुकवू नका. रविवार इथे कामाचा, त्यामुळे रविवारची मिस्सा आम्ही शुक्रवारीच ऐकतो. कुवेत सिटीच्या होली फॅमिली को-कॅथीड्रलमध्ये गर्दी व्हायच्या अर्धा तास आधी जाऊन बसा.

दोन आठवड्यांनी वही घ्या. तीन दिवस असे जगा की राहायचं ठरलंय. पुढचे तीन दिवस, परतायचं ठरलंय. कुणाला सांगायचं नाही. रात्री दोनच ओळी लिहायच्या: दिवसभर काय वाटलं आणि आता मागे काय उरलंय. दुसरी ओळ महत्त्वाची. 1521 साली पाम्प्लोनाला तोफगोळ्याने पाय मोडून पडलेल्या इग्नाशियसलाही हेच उमगलं होतं. पराक्रमाची स्वप्नं पाहताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांची चरित्रं वाचल्यावरचं समाधान मात्र टिकायचं.

त्यांचा आणखी एक नियम इथे फार उपयोगी: मन उदास असताना आधीचा निर्णय बदलू नये. म्हणून मुदीरने, म्हणजे साहेबाने, चारचौघांत झापलं त्या दिवशी वही उघडायची नाही. सुट्टीवरून परतल्यावरचा पहिला आठवडा वगळायचा. आणि जुलै-ऑगस्टही. 2016च्या जुलैत इथल्या मित्रिबाला 53.9 अंश नोंदले गेले. तशा उन्हात कुणालाही घरीच बोलावणं आल्यासारखं वाटेल.

मग बायकोशी बोला. हे शेवटी ठेवू नका, मी ठेवलं होतं आणि त्याबद्दल ऐकून घेतलं. इथले रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे साडेअकरा, तेव्हा फोन शुक्रवारी दुपारी करा. वही वाचून दाखवा आणि गप्प राहा. शिवाय असा एक माणूस गाठा ज्याचा तुमच्या राहण्या-जाण्यात एक फिल्सचाही फायदा नाही. फादरकडे प्रायश्चित्त संस्कारासाठी जा, प्रश्नही मांडा, पण तुमच्या वतीने ते ठरवणार नाहीत.

कौल एका बाजूला स्थिर झाला की निर्णय मिस्सेत देवाला अर्पण करा. राहायचं असेल तर मंदूबला पासपोर्ट द्या. जायचं असेल तर राजीनामा लिहून आठ दिवस खणात ठेवा. रोज एकदा काढून वाचा. पोटात गोळा आला तरी चालेल, भीती आणि अशांती वेगळ्या असतात. पण प्रार्थनाच नकोशी होऊ लागली तर पत्र तसंच राहू द्या आणि इकामा वाढवून घ्या. नवव्या दिवशी पत्र दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्यायला विसरू नका, तीन महिने तिथूनच मोजायचे.