खोटे घर, खरी माया : 'ब्लॅक विडो'चे गुणदोष

केट शॉर्टलँड दिग्दर्शित 'ब्लॅक विडो' (२०२१) हा चित्रपट अतिमानवी वीरांच्या मालिकेतील असला, तरी त्याचा गाभा कौटुंबिक आहे. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात आईवडील व दोन मुली असे एक घर नांदत असते. वस्तुतः हेरगिरीसाठी रशियनांनी रचलेले ते सोंग असते. धाकट्या येलेनाला मात्र हे ठाऊक नसते.

पुढे दोघी मुलींना 'रेड रूम'मध्ये मारेकरी म्हणून घडविले जाते. मोठेपणी चौघे पुन्हा जेवणाच्या टेबलाभोवती जमतात, तो प्रसंग चित्रपटाचा कळस होय. ते सारे खोटेच होते, असे नताशा म्हणते. येलेनाच्या लेखी मात्र तेच तिचे एकमेव खरे घर असते. फ्लॉरेन्स प्यू हिने ही व्यथा उत्कटतेने साकारली आहे.

दोषही लहान नाहीत. नताशाचा मृत्यू प्रेक्षकांनी २०१९ सालच्या चित्रपटातच पाहिलेला असल्याने येथे ती वाचणार हे उघड असते. शिवाय खलनायक ड्रेकॉव्ह पोटच्या मुलीला, अँटोनियाला, मुके शस्त्र बनवितो. सख्खा बाप मुलीला राबवितो आणि मानलेले आईबाप मुलींसाठी झुंजतात, हा विरोध केवढा बोलका! परंतु अँटोनियाच्या वाट्याला जेमतेम एखादे वाक्य येते आणि शेवट आकाशातील स्फोटांत हरवतो.

तात्पर्य, नाते रक्ताने नव्हे, मायेने ठरते, हे चित्रपट जेवणाच्या टेबलावर पटवून देतो. रणांगणावर मात्र विसरतो.