‘ओटी’ म्हणजे ऑपरेशन नव्हे : व्यवसायोपचाराचे शिक्षण



आमच्या शेजारच्या काकांना पक्षाघाताचा झटका आला. वेळेवर रुग्णालयात नेल्यामुळे जीव वाचला, पण उजवा हात आणि पाय कमजोर राहिला. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले, ‘ओटीला दाखवा.’ ओटी म्हणजे ऑपरेशनची खोली, एवढेच घरात माहीत होते. काकू म्हणाल्या, “आता चिरफाड नको.” कागद घडी करून पिशवीत गेला. तीन महिन्यांनी तो आमच्या हाती आला. तोवर काकांची बोटे मुठीत आवळली होती आणि खांद्याला हात लावला तरी ते कळवळत होते.

आम्ही याच वस्तीतल्या दोघी मैत्रिणी. तेव्हा आम्ही हाच विषय शिकत होतो. त्या कागदावरची ‘ओटी’ म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत तिला व्यवसायोपचार म्हणतात. आमच्याच गल्लीत आमच्याच शिक्षणाचे नाव कुणाला ठाऊक नव्हते आणि त्याची किंमत एका माणसाच्या हाताने मोजली. म्हणून या अंकात हा उपचार काय आहे आणि तो शिकायला काय लागते, हे दोन्ही सांगत आहोत.

व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे

नावातील ‘व्यवसाय’ शब्दामुळे अनेकांना वाटते की इथे नोकरी मिळवून देतात. तसे नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत माणूस जे जे करतो, ते सगळे इथे व्यवसाय मानले जाते. दात घासणे, अंघोळ, कपडे घालणे, जेवणे, स्वयंपाक, शाळा, खेळ, कामधंदा हे सगळे त्यात आले. आजार, अपघात, जन्मजात अडचण किंवा मानसिक त्रास यामुळे यातले काही अडले, तर ते पुन्हा जमवून देणे हे व्यवसायोपचाराचे काम आहे.

फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार या बहिणी आहेत, पण एक नाहीत. फिजिओथेरपीत स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल आणि चालणे यांवर मुख्य भर असतो. आम्ही विचारतो की त्या हाताने घास तोंडापर्यंत जातो का, शर्टाचे बटण लागते का. बऱ्याच रुग्णांना दोन्हींची गरज असते.

भारतात या शिक्षणाची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी 1950 साली परळच्या केईएम रुग्णालयात पहिली शाळा सुरू केली. 1952 साली व्यवसायोपचाराची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापक देशांत भारत होता. आज मुंबईत केईएम, शीव आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण मिळते. तिथेच रुग्णांसाठी ओपीडीही असते. खासगी महाविद्यालयेही आहेत, पण त्यांची फी बरीच जास्त असते.

चार वर्षांत काय शिकवतात

पदवीचा अभ्यास चार वर्षांचा आहे आणि त्यानंतर रुग्णालयात इंटर्नशिप असते. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि मानसशास्त्र असते. पुढे रोगांची कारणे, मेंदू व नसांचे आजार, हाडांचे आजार, बालरोग, मनोविकार आणि त्या प्रत्येकातला व्यवसायोपचार येतो. जागतिक संघटनेच्या निकषानुसार विद्यार्थ्याने किमान 1000 तास प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम करावे लागते. नुसत्या पाठांतरावर ही पदवी मिळत नाही.

या अभ्यासाचा गाभा म्हणजे कृतीचे विश्लेषण. भाकरीचेच उदाहरण घ्या. पीठ मळायला दोन्ही हातांची ताकद लागते. थापताना एका हाताने भाकरी फिरवायची आणि दुसऱ्याने दाब सारखा ठेवायचा. उचलून तव्यावर टाकताना मनगट वळले पाहिजे. तवा किती तापला ते नजरेला आणि हाताला कळले पाहिजे. खाली बसून करायची तर गुडघे आणि तोलही हवा. आता एखाद्या बाईचा डावा हात अधू झाला, तर यातले नेमके काय अडते? ते शोधायचे आणि त्यावर तोड काढायची. परात घसरू नये म्हणून खाली ओले फडके घालायचे, चूल वर घ्यायची, बसायला स्टूल द्यायचे. आमच्या आया रोज करतात त्या कामात एवढे शास्त्र आहे, हे आम्हाला वर्गात कळले.

खरे सांगायचे तर पहिले वर्ष आम्हाला जड गेले. बारावीपर्यंत मराठी माध्यम आणि इथे हाडापासून नसेपर्यंत सगळी नावे इंग्रजीत. आमच्यापैकी एकीचा शरीररचनेचा पेपर राहिला. महिनाभर तिने घरी सांगितले नाही. मग आम्ही रीत बदलली. रोज दहा शब्द, शेजारी मराठी अर्थ, आणि रात्री विहारातल्या अभ्यासिकेत एकमेकींना मोठ्याने समजावून सांगायचे. जे मराठीत समजावता येत नाही ते आपल्याला कळलेलेच नाही, हे तेव्हा उमगले. पुढच्या परीक्षेत तो पेपर सुटला.

एका बाबतीत मात्र आम्ही वर्गात पुढे होतो. पुस्तकात लिहिलेले असते की रुग्णाच्या संडासात भिंतीला आधाराची दांडी बसवा. पण ज्या घराला संडासच नाही, सार्वजनिक शौचालयापर्यंत गल्ली उतरून जावे लागते आणि तिथे उकिडवे बसावे लागते, त्या रुग्णाचे काय? हा प्रश्न आम्हाला कुणी शिकवावा लागला नाही. अशा वेळी घरातच पडदा लावून, मधोमध भोक असलेली खुर्ची आणि खाली भांडे, असा मार्ग निघतो. वस्तीचे जगणे माहीत असणे हीसुद्धा या कामातली विद्या आहे.

काकांचे पुढे काय झाले

काकांना आम्ही आमच्या शिक्षकांकडे नेले. त्यांनी बोटे सरळ राहावीत म्हणून गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकची पट्टी हाताच्या मापाची करून दिली आणि घरी करायच्या गोष्टी शिकवल्या. त्यातल्या काही प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात :

1. अधू हात धरून रुग्णाला कधीही ओढू किंवा उठवू नये. खांदा निखळतो. आधार पाठीला आणि कमरेला द्यावा.
2. बसताना अधू हात लोंबकळू देऊ नये, मांडीवर उशी घेऊन तीवर ठेवावा.
3. शर्ट घालताना अधू हात आधी, काढताना अधू हात शेवटी.
4. ताटाखाली ओले फडके ठेवावे. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला की पकड येते.
5. अधू हाताला चटका कळेलच असे नाही. पाणी आणि चहा आधी चांगल्या हाताने तपासावा.
6. जे रुग्णाला जमते ते त्यालाच करू द्यावे, वेळ लागला तरी. माया म्हणून भरवत राहिलो तर हात शिकत नाही.

बाकीचे व्यायाम तपासणी झाल्यावर, सांगतील तसेच करावेत. आणि तोंड वाकडे होणे, एक हात गळणे, बोबडे बोलणे यांपैकी एकही अचानक दिसले तर लगेच 108 ला फोन करावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

काकांचा उजवा हात पूर्ण परत आला नाही. तीन महिने वाया गेले, ते गेलेच. पण ते आता स्वतः कपडे घालतात, डाव्या हाताने जेवतात आणि काकूंच्या भाजीच्या गाडीवर बसून हिशेब सांभाळतात. रंगकाम करणारा माणूस पुन्हा शिडीवर चढला नाही, पण कोपऱ्यात पडूनही राहिला नाही.

आपल्या मुला-मुलींसाठी

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. महाराष्ट्रात प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर, राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतो. नीट मराठीतूनही देता येते. एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणजे नीट वाया गेली, असे समजून अर्ज भरणे थांबवू नका. त्याच गुणांवर हे दारही उघडते.

कागदपत्रे वेळेत करा. राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा आणि बँक खाते आधारशी जोडून घ्या. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असेल तर भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपची चौकशी करा. बाहेरगावी शिकताना समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे.

पदवीनंतर रुग्णालये, विशेष मुलांच्या शाळा, मनोरुग्णांचे पुनर्वसन, वृद्धांची सेवा अशी कामाची क्षेत्रे आहेत. पण आम्हाला दुसरेच सांगायचे आहे. आपल्या वस्तीत उशिरा बसणारे, उशिरा बोलणारे मूल आहे, बांधकामावरून पडलेला तरुण आहे, अंथरुणाला खिळलेली आजी आहे. त्यांच्यापर्यंत उपचार पोहोचायचा तर तो समजावून सांगणारे माणूस त्याच गल्लीत हवे.

आज घरातली जुनी फाईल एकदा काढून बघा. त्यात कुठे ‘ओटी’ लिहिलेले असेल, तर घाबरू नका आणि उशीरही करू नका. तो कागद घेऊन रुग्णालयात जा आणि व्यवसायोपचार विभाग कुठे आहे ते विचारा.