गोऱ्ह्यास गाडीची सवय

बारवी धरणाच्या मुलखात, मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे, पौष पौर्णिमेस यात्रा भरते. तिच्यातील बैलबाजार प्रसिद्ध आहे. बाजारात धष्टपुष्ट गोऱ्हा विकत मिळतो. गाडीस शांतपणे चालणारा बैल मात्र घडवावा लागतो.

सुमारे अडीच-तीन वर्षांच्या गोऱ्ह्यास शिकविताना एका वेळी एकच नवी गोष्ट त्याच्यापुढे आणावी, हा मुख्य नियम होय. प्रथम कासऱ्याने धरून हिंडवावे व माणसाच्या हाताची सवय लावावी. मग जाणत्या, शांत बैलाशेजारी जुवाला जुंपून नुसते चालवावे. जोडीदार थांबला की गोऱ्हाही थांबू लागतो. पुढे हलका ओंडका ओढावयास द्यावा, म्हणजे पाठीमागून येणाऱ्या आवाजाची भीती मोडते. त्यानंतर रिकामी गाडी व सर्वांत शेवटी थोडे ओझे.

रोजचा पाठ लहान असावा आणि गोऱ्हा शांत असतानाच जू उतरवावे. तो उधळल्यावर उतरविले, तर उधळल्याने सुटका होते एवढेच तो शिकतो. मारल्याने गाडी व वेदना यांची त्याच्या मनात सांगड बसते. असे जनावर पुढे उतारावर बुजले, तर गाडीवानाच्या जिवावर बेतते.

हा पाठ घेताना शेतकऱ्यांच्या मुलांस घरचा अनुभव सांगू द्यावा. कोणती पायरी आधी व का, हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. पहिलीत नव्याने आलेल्या मुलासही हाच क्रम लागू आहे, हे शिक्षकांच्या ध्यानी सहज येईल.