लघुकथा आणि कादंबरी

वार्षिकासाठीं विद्यार्थी ज्या गोष्टी लिहून आणितात, त्यांतील पुष्कळांचा आरंभ नायकाच्या जन्मानें होतो व शेवट त्याच्या मरणानें. मधील शाळा, नोकरी, विवाह, आजार हें सर्व चार पृष्ठांत उरकलेलें असतें. लघुकथा म्हणजे आखूड केलेली कादंबरी, अशी या लेखकांची समजूत दिसते.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः प्रसिद्ध झाली. तींत यमुना आपली हकीकत स्वतःच सांगते. तिचें माहेर, भाऊ, सासरचा जाच, पतीसह मुंबईंत काढलेले सुखाचे दिवस, यांत वाचक तिच्याबरोबर राहतो. म्हणूनच वैधव्यानंतर तिचें बळानें केशवपन होतें, तेव्हां आपल्याच घरांतील मुलीवर हात पडल्यासारखें वाटतें. तेवढाच प्रसंग कापून छापला तर दया उपजेल. पण ती कोणत्याहि विधवेविषयींची दया, यमुनेविषयींची नव्हे.

मग लघुकथेंत मोठा काळ येऊंच नये काय? तसेंहि नाहीं. मोपासां या फ्रेंच लेखकाची हाराची कथा १८८४ सालची. एका कारकुनाची पत्नी समारंभासाठीं मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मागून आणिते आणि तो हरवितो. ३६,००० फ्रँकांचा दुसरा हार घेऊन देतां झालेलें ऋण फेडण्यांत पतिपत्नींचीं १० वर्षें जातात. कादंबरीकारास येथें दहा प्रकरणें सांपडलीं असतीं! मोपासांनें तीं वर्षें थोडक्यांत संपविलीं आहेत; कारण त्याला तीं हवीं होतीं केवळ अखेरच्या उद्गारापुरतीं. मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकांचा. त्या एका क्षणावर सर्व भार तोलला आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या गोष्टींत, वडिलांचा मृत्यु आणि परीक्षेंतील यश यांमध्यें, एक ओळ होती: आईनें फीसाठीं बांगडी विकली. आम्हींच ती अवांतर म्हणून लाल शाईनें खोडली होती. रात्रीं पुन्हां वाचतांना आमची चूक ध्यानांत आली. दुसरे दिवशीं त्याला बोलावून तेवढीच ओळ पुढें ठेविली.

“पण सर, मग वडील कोठें घालूं?” त्यानें विचारलें.

चार दिवसांनीं त्यानें नवी गोष्ट आणिली. वडिलांचें नांव तींत नव्हतें. सोनाराचा तराजू मात्र आला होता, आणि तो स्थिर होईपर्यंत आईनें दुसरीकडे फिरविलेली मान.