आधी घरी ये

कंधार

चिरंजीव बाळास,

दोन नाताळ झाले, तू घरी आला नाहीस. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे तू पुण्यात धंद्यात घातलेस नि बुडवलेस, हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. "पैसे जमले की मगच तोंड दाखवीन," असं परवा फोनवर म्हणालास. रात्रभर तेच डोक्यात राहिलं, म्हणून लिहायला बसले.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा तुला लहानपणीच शिकवला होता. आता पुन्हा वाच. परत येताना बापापुढे काय बोलायचं ते त्याने पाठ केलं होतं, आणि शेवटी होतं, मला गड्यासारखं ठेव. बापापुढे उभा राहिल्यावर नेमकं तेवढंच बोलायचं राहिलं. बाप झगा, अंगठी, जोडे मागवत सुटला होता. गडी होऊन राहायचा त्याचा बेत ऐकायला बापाला सवडच नव्हती. बाळा, तुझा बेतही तोच आहे रे.

फेडू नकोस असं मी म्हणत नाही. जक्कय जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करायचा शब्द दिला. पण कधी? येशूने त्याला उंबरावरून खाली बोलावून, आज तुझ्याच घरी उतरणार, असं सांगितल्यावर. हिशेब मागाहून झाला.

जुन्या करारात दयेला हिब्रू शब्द आहे 'रहमीम'. 'रेहेम' म्हणजे आईचं गर्भाशय, त्याच मुळातला. आपण दर्ग्यापाशी लहानपणापासून ऐकलेला 'रहम'ही त्याच कुळातला. हे कळलं तेव्हा मी किती वेळ नुसती बसून राहिले होते. पोर चुकलं तरी आईच्या पोटात कालवतं. देवाचं तसंच आहे, आणि ते पोराने हप्ते भरल्यावर सुरू होत नाही.

तुझा थोरला भाऊ मात्र रागात आहे. दोन हंगाम त्याने हातउसने घेऊन पेरणी केली, त्याचा राग खरा आहे. गोष्टीतला थोरलाही दाराबाहेरच थांबला होता. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर गेला, पण तो आत आला की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही. तेव्हा भाऊ एका पंगतीला बसून बोलला नाही, तर सोस. 1895 साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई किती दुखावल्या होत्या! पुढे पुन्हा एकत्र संसार मांडला, तेव्हाही त्यांचं सोवळं सुटलेलं नव्हतं. बाप्तिस्मा तर 1900 साली. घर आधी लागलं, मन हळूहळू. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी तो सगळा त्रागा लपवलेला नाही.

नांदेडहून संध्याकाळची एसटी धर. किल्ल्याकडे उतरून मागच्या गल्लीने येऊ नकोस, थेट बसस्थानकावर उतर. मी दादाला, म्हणजे तुझ्या बापाला, काहीच कळवलेलं नाही. पण महिनाभर झाला, तो रोज दिवेलागणीला तिथे जाऊन बसतो.

तुझी आत्या