प्रवाळद्वीपांची घडण आणि झीज

नवरत्नांत गणले जाणारे तांबडे पोवळे पुष्कळांच्या परिचयाचे असते. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात भित्ती बांधणारे प्रवाळ हे त्याचे दूरचे आप्त होत. त्यांना रत्नाचे मोल नाही. परंतु त्यांच्या सांगाड्यांवर माणसांची गावे वसली आहेत. केरळच्या पश्चिमेस अरबी समुद्रात विखुरलेली लक्षद्वीप बेटे हे त्याचे भारतातील ठळक उदाहरण होय. या बेटांचे एकूण भूक्षेत्र जेमतेम ३२ चौरस किलोमीटर आहे. त्यांपैकी दहा बेटांवर वस्ती असून २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या ६४,४७३ होती.

प्रवाळाचा एकेक जीव, म्हणजे पॉलिप, बहुधा काही मिलिमीटर रुंदीचाच असतो. पिशवीसारखे मऊ शरीर, वर एक मुख आणि मुखाभोवती दंश करणाऱ्या बारीक बाहूंचे कडे, एवढीच त्याची रचना. समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम घेऊन तो आपल्या तळाशी चुनखडीचा पेला रचतो. या कामास लागणारी शक्ती त्याला बव्हंशी त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवलांकडून मिळते. शैवले सूर्यप्रकाशात शर्करा तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानास देतात. म्हणूनच प्रवाळभित्ती स्वच्छ, उजेडाच्या पाण्यातच वाढते. घुमटाकार प्रवाळ वर्षाकाठी साधारण एक सेंटिमीटर वाढतात. फांद्यांचे प्रवाळ त्याहून पुष्कळ वेगाने वाढतात, पण वादळात तेच आधी मोडतात.

खोल समुद्रात या उथळ पाण्यातील जीवांची कंकणाकार भित्ती उभी कशी राहिली? डार्विनने १८४२ मध्ये सुचविले की, ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते व त्याच्या कडेचे प्रवाळ वर वर बांधीत राहतात. शेवटी बेट बुडून भोवतीचे कडे तेवढे उरते. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनिवेटॉक येथे छिद्रे पाडली, तेव्हा सव्वा किलोमीटरहून अधिक जाडीच्या चुनखडकाखाली ज्वालामुखीचा खडक लागला.

मात्र बांधणीबरोबर झीजही अखंड चालते. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी खडक खरवडून त्यावरील शैवल खातो आणि चुन्याचा भुगा विष्ठेवाटे टाकतो. प्रवासी ज्या शुभ्र वाळूची वाखाणणी करतात, तिचा बराचसा भाग असाच आलेला असतो! या खरवडण्याने नव्या प्रवाळ-अर्भकांना रुजण्यास जागाही मोकळी होते. भित्ती लाटांचा मारा अडविते आणि तिच्या आडोशाला ही वाळू साचून बेट तयार होते. त्या सच्छिद्र भूमीत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत्या भिंगासारखे राहते. विहिरींना गोडे पाणी मिळते ते त्यातूनच.

पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा केवळ एक अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर पॉलिप आपली शैवले बाहेर टाकतो. रंग जातो, पांढरा सांगाडा दिसू लागतो, आणि उष्मा न ओसरल्यास पॉलिप उपासमारीने मरतो. लक्षद्वीपात १९९८, २०१० व २०१६ मध्ये असे विरंजन घडले. २०२४ मध्ये पुन्हा घडले. १९९८ नंतरच्या सुमारे पाव शतकात तेथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळजवळ निम्म्याने घटले आहे. दोन उष्म्यांमधील विसाव्याचा काळ अपुरा पडतो, हे याचे मोठे कारण. शिवाय हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून चुन्याची बांधणी अधिक अवघड करतो.

येथील कोळ्यांची एक रीत भित्तीच्या फार उपयोगी पडली आहे. ते भित्तीच्या आतील उथळ पाण्यात लहान मासे आमिषासाठी पकडतात आणि बाहेरच्या समुद्रात काठी व गळाने कुपा मासा धरतात. त्यामुळे पोपटमाशांसारखे शैवलभक्षक मासे पुष्कळसे टिकून राहिले व १९९८ नंतर अनेक ठिकाणी प्रवाळ पुन्हा वाढले. अलीकडे मात्र भित्तीवरील माशांनाही बाजार मिळू लागला आहे.

बंगारमजवळील पराली-१ हे निर्जन बेट १९६८ मध्ये सुमारे तीन हेक्टरांचे होते. ते संपूर्ण झिजून नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.